आधी चौक, मग खोल्या : लहान भूखंडावरील प्रकाशमान घराचा विचार

पुणे, नाशिक, कोल्हापूर किंवा नागपूर यांसारख्या शहरांत स्वतःचे स्वतंत्र घर बांधू पाहणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाच्या वाट्याला येणारा भूखंड अनेकदा एका गुंठ्याच्या, म्हणजे १०८९ चौरस फुटांच्या आसपासचा किंवा त्याहूनही लहान असतो. त्याची रस्त्याकडची बाजू अरुंद आणि लांबी जास्त असते, आणि रो हाउसच्या रांगेत तो असेल तर दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती टेकलेल्या असतात. अशा भूखंडावर घर आखताना बहुतेकदा पहिला प्रश्न विचारला जातो तो खोल्या किती बसतील हा, आणि त्याचे उत्तर शोधताना जागेचा इंच न् इंच छपराखाली आणला जातो. कागदावर असा नकाशा भरगच्च आणि फायद्याचा दिसतो, परंतु घर उभे राहिल्यावर मधल्या खोलीत भरदुपारी दिवा लावावा लागतो, स्वयंपाकघरातला धूर आणि उष्मा बाहेर पडण्यास वाट मिळत नाही, आणि क्षेत्रफळ पुरेसे असूनही घर कोंदट वाटते. या लेखाचे प्रतिपादन असे, की लहान भूखंडावर प्रकाश आणि प्रशस्तपणा या गोष्टी खोल्या आखून झाल्यावर उरलेल्या जागेतून मिळत नाहीत. त्या हव्या असतील तर मोकळी जागा सर्वांत आधी ठरवावी लागते आणि तिच्याभोवती खोल्या रचाव्या लागतात.

अंधार कोठून येतो

भिंतीतल्या खिडकीतून येणारा उजेड खोलीत किती आतवर पोहोचतो, याचा वास्तुरचनेत एक ढोबळ आडाखा वापरला जातो : खिडकीच्या वरच्या कडेची जमिनीपासून जेवढी उंची, तिच्या दोन ते अडीच पट अंतरापर्यंत कामापुरता उजेड मिळतो, आणि त्यापुढे तो झपाट्याने मंदावतो. खिडकीची वरची कड सात फुटांवर असेल, तर हे अंतर चौदा ते सतरा फूट होते. आता वीस फूट रुंद आणि पन्नास फूट लांब, म्हणजे एक हजार चौरस फुटांचा, भूखंड उदाहरणादाखल घेतला आणि त्यात पुढे दहा फूट व मागे पाच फूट मोकळे सोडावे लागतात असे धरले, तर बांधकामासाठी पस्तीस फूट लांबी उरते. आत एकही आडभिंत नसेल, तर पुढून आणि मागून येणारा उजेड मध्यापर्यंत कसाबसा पोहोचेल; परंतु पुढची बैठकीची खोली बारा-चौदा फुटांवर भिंतीने बंद झाली आणि मागच्या बाजूला स्वयंपाकघर व न्हाणीघर आले, की मधल्या आठ-दहा फुटांच्या पट्ट्याला आकाशाचा संबंधच उरत नाही, आणि नेमका तिथेच जिना, देवघर किंवा आजी-आजोबांची खोली येते.

या पट्ट्यासाठी बाजूच्या भिंतीत खिडकी काढण्याचा मोह होतो, विशेषतः शेजारचा भूखंड अजून रिकामा असेल तेव्हा. मात्र सामाईक हद्दीवर खिडकी काढण्यास नियमांची सहसा मुभा नसते, आणि नियम बाजूला ठेवला तरी शेजारच्या मोकळ्या जागेवरून येणारा उजेड हा उसना उजेड असतो, कारण ती जागा बांधली गेली की तो कायमचा जातो. दुसरा रूढ उपाय म्हणजे तीन फूट लांब-रुंद डक्ट, अर्थात छपरापर्यंत जाणारी उभी पोकळी. परंतु वीस फूट खोल आणि तीन फूट रुंद पोकळीच्या तळाशी आकाशाचा अगदी लहान तुकडा दिसतो, त्यामुळे न्हाणीघराच्या हवेपुरती ती उपयोगी पडली तरी राहत्या खोलीला तिच्यातून उजेड मिळत नाही. म्हणून रांगेतल्या घराला आपला उजेड आपल्याच जागेतून, आणि तोही वरून, मिळवावा लागतो.

वाड्यांनी दिलेले उत्तर

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. पुण्याच्या पेठांतील वाडे रस्त्यावर तुलनेने अरुंद दर्शनी भाग ठेवून आत लांबवर पसरलेले आणि दोन्ही अंगांनी शेजारच्या वाड्यांना लागून असत. तरीही त्यांच्या आतल्या भागात उजेड आणि वारा असे, कारण रचनेच्या केंद्रस्थानी चौक, म्हणजे चारही बाजूंनी वास्तूने वेढलेले आणि वरून उघडे अंगण, असे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बांधलेल्या विश्रामबागवाड्यासारख्या राजवाड्यात असे तीन चौक आहेत, तर साध्या कुटुंबाच्या वाड्यात एखादाच चौक असे. गोव्याच्या जुन्या हिंदू घरांत हेच स्थान राजांगणाला, म्हणजे तुळशीवृंदावन असलेल्या आतल्या अंगणाला, असते.

चौकाचे काम केवळ उजेड देण्यावर थांबत नाही. रात्री थंड झालेली जड हवा चौकाच्या तळाशी साठते आणि सकाळच्या वेळी भोवतीच्या खोल्यांना गारवा देते, तर दिवसा तापलेली हलकी हवा वर सरकून निघून जाते आणि तिच्या जागी रस्त्याकडून किंवा परसातून नवी हवा आत ओढली जाते. चौकाला लागून असलेली ओसरी किंवा सोपा, म्हणजे छपराखालची पण एका बाजूने उघडी पडवी, प्रखर ऊन आणि पाऊस अडवून खोल्यांपर्यंत सौम्य झालेला उजेड पोहोचवते. शिवाय वाळवणे, निवडणे-टिपणे, मुलांचे खेळ, सणासमारंभाच्या पंगती अशी अनेक कामे याच जागेत होत असल्यामुळे ती एका कामासाठी राखलेल्या कोणत्याही खोलीपेक्षा अधिक वापरली जाते. आजच्या लहान भूखंडाला वाड्याएवढा चौक परवडणार नाही हे उघड आहे, परंतु आठ बाय दहा फुटांचा चौकही हीच तत्त्वे पाळून काम करू शकतो.

चौकामुळे जागा खरोखर जाते का

चौकाला होणारा मुख्य विरोध हिशेबाचा असतो : ऐंशी चौरस फूट जागा, आजच्या जमिनीच्या भावात, आकाशाला का द्यायची? या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे बोलीभाषेतला एफएसआय, समजून घ्यावा लागतो. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट एकूण बांधकाम सर्व मजले मिळून करता येते, हे हा निर्देशांक सांगतो. आकाशाला उघडी असलेली जागा सामान्यतः त्यात मोजली जात नाही.

वरील उदाहरणातल्या हजार चौरस फुटांच्या भूखंडावर निर्देशांक १.१ असेल असे मानले, तर एकूण अकराशे चौरस फूट बांधता येतात. मोकळी अंतरे सोडून उरलेले क्षेत्र वीस बाय पस्तीस, म्हणजे सातशे चौरस फूट असल्यामुळे दोन मजले पूर्ण भरले तर चौदाशे चौरस फूट होतील, जे परवानगीपेक्षा तीनशेने जास्त आहे. याचा अर्थ असा, की त्या दोन मजल्यांच्या आकारमानातले तीनशे चौरस फूट कोठे ना कोठे रिकामे राहणारच आहेत. दोन्ही मजल्यांवर ऐंशी-ऐंशी चौरस फुटांचा चौक सोडला, तर बांधकाम बाराशे चाळीसवर येते, आणि आणखी एकशे चाळीस चौरस फूट वरच्या मजल्यावर गच्ची म्हणून उघडे ठेवता येतात. कुटुंबाने आपल्या हक्काचा एकही चौरस फूट गमावलेला नसतो. अधिमूल्य भरून निर्देशांक वाढवून घेतला तर हा हिशेब बदलतो, आणि प्रत्येक शहराचे, रस्त्याच्या रुंदीचे व भूखंडाच्या आकाराचे नियम वेगळे असल्यामुळे आकडे स्थानिक नियमावलीतून तपासून घ्यावेच लागतात. परंतु अशा हिशेबात चौक ही खोल्यांतून केलेली कपात राहत नाही, आणि कोठे तरी सोडावीच लागणारी रिकामी जागा एकत्र आणून योग्य ठिकाणी ठेवणे एवढाच त्याचा अर्थ उरतो. एका मोटारीला उभी राहण्यासाठी सुमारे आठ बाय सोळा, म्हणजे एकशे अठ्ठावीस चौरस फूट लागतात आणि ते कुटुंबे विनातक्रार देतात. साऱ्या घराला उजेड देणाऱ्या चौकाला त्याहून कमी जागा लागते.

आधुनिक वास्तुकारांचे प्रयोग

गेल्या शतकातल्या काही उत्तम वास्तुकारांनी हेच तत्त्व अगदी लहान जागांत सिद्ध करून दाखवले. चार्ल्स कोरिया यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी अहमदाबाद येथे, अल्प खर्चाच्या घरांसाठी झालेल्या स्पर्धेतून, ‘ट्यूब हाउस’ नावाचे घर साकारले, ज्याची रुंदी अवघी ३.६ मीटर, म्हणजे सुमारे बारा फूट, होती. या लांबट घराचे छप्पर उतरते ठेवून त्याच्या माथ्याशी झरोका दिला होता. तापलेली हवा छपराच्या उताराने वर चढून तेथून बाहेर पडे आणि खालून ताजी हवा आत येई, त्यामुळे बाजूला एकही खिडकी नसताना घर हवेशीर राहत असे.

पुढे १९८० च्या दशकात कोरिया यांनी सिडकोसाठी नवी मुंबईत बेलापूर येथे उभारलेल्या, ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वसाहतीत भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे पाचशे ते आठशे चौरस फुटांचे होते. तेथे प्रत्येक घराला स्वतःचे उघडे अंगण मिळाले, सात घरे मिळून सुमारे आठ मीटर लांब-रुंद सामाईक चौक मिळाला, आणि घरांच्या भिंती सामाईक नसल्यामुळे प्रत्येक कुटुंबाला गरजेप्रमाणे घर वाढवता आले. उष्ण प्रदेशात आकाशाखालची जागा ही खोलीइतकीच वापराची जागा असते, आणि दिवसाच्या व वर्षाच्या बऱ्याच काळात ती खोलीपेक्षा सुखद असते, हा विचार कोरिया यांनी आयुष्यभर मांडला. महाराष्ट्रात पहाटे, संध्याकाळी आणि हिवाळ्यातल्या दुपारी ओट्यावर किंवा गच्चीवर बसणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचा अनुभव त्याला दुजोरा देतो.

जपानी वास्तुकार तादाओ आंदो यांनी १९७६ मध्ये ओसाका शहराच्या सुमियोशी भागात बांधलेले घर या विचाराचे टोक गाठते. सुमारे ५७ चौरस मीटरच्या, दोन्ही बाजूंनी दाटलेल्या भूखंडाचे त्यांनी तीन समान भाग केले आणि मधला तिसरा हिस्सा पूर्णपणे आकाशाला उघडा ठेवला. रस्त्याकडे एकही खिडकी नाही आणि घराचा सारा उजेड या चौकातून येतो. मात्र एका खोलीतून दुसरीत जाताना पावसातही उघड्या चौकातूनच जावे लागते, आणि वृद्ध माणसे व लहान मुले असलेल्या कुटुंबाला, त्यातही कोकण-मुंबईच्या पावसात, ही अडचण सोसणार नाही. म्हणून या घराकडून चौकाचे धैर्य घ्यावे आणि चौकाच्या कडेने छपराखालची वाट ठेवण्याची रीत मात्र वाड्याकडून घ्यावी.

नकाशापेक्षा छेद महत्त्वाचा

घर समजून घेण्यासाठी दोन प्रकारची रेखाटने लागतात : वरून पाहिल्यासारखा दिसणारा आराखडा, ज्याला सर्वजण नकाशा म्हणतात, आणि घर उभे चिरून आतून पाहिल्यासारखा दिसणारा छेद, ज्यात मजल्यांच्या उंच्या, जिना, छप्पर आणि सूर्यकिरणांचा मार्ग कळतो. मोठ्या भूखंडावर नकाशा चांगला असेल तर बरेच काम भागते, परंतु लहान भूखंडावर उजेड वरून येत असल्यामुळे घराचे भवितव्य छेदात ठरते, आणि तरीही बहुतेक कुटुंबे नकाशावर महिनोन्महिने चर्चा करतात व छेद पाहतही नाहीत.

छेदातला पहिला निर्णय चौकाच्या भोवतीच्या उंचीचा असतो. पुणे सुमारे १८.५ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे डिसेंबरच्या उत्तरार्धात दुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे ४८ अंश उंचीवर असतो. चौकाच्या दक्षिणेला अकरा फूट उंचीचे एकमजली छप्पर असेल, तर त्याची सावली सुमारे दहा फूट पडते, त्यामुळे दहा फूट लांब चौकाच्या उत्तरेकडील भिंतीवर हिवाळ्यातले ऊन जवळजवळ पायापर्यंत उतरते. तेथे एकवीस फूट उंचीचा दुमजली भाग आला, तर तेच ऊन दहा फुटांच्या खाली येत नाही आणि तळमजला उन्हाला मुकतो. म्हणून उत्तर-दक्षिण लांब असलेल्या भूखंडावर वर सांगितलेली एकशे चाळीस चौरस फुटांची गच्ची चौकाच्या दक्षिणेला ठेवावी, आणि तिला भरीव कठडा न घालता आरपार दिसणारे रेलिंग लावावे.

दुसरा निर्णय जिन्याचा. दहा फूट उंचीच्या मजल्याला पावणेसात इंचांच्या आतल्या अठरा चढांचा जिना लागतो, आणि तो चौकाला लागून ठेवला तर घराच्या मध्यभागी आलेली येण्याजाण्याची जागा आपोआप उजळते. जिन्यावरची गच्चीतली छोटी खोली थोडी उंच ठेवून तिच्या वरच्या भागात उघडझाप करता येणारी झडप दिली, तर तापलेली हवा तेथून बाहेर पडते आणि जिना घराचे धुराडे बनून वारा खेळवतो. जिन्याखालची जागा कपाटांसाठी वापरली, की वस्तू खोल्यांत साठत नाहीत.

ऊन हवे, पण तापवणारे नको

महाराष्ट्रात उजेड मिळवण्याइतकेच उष्णता अडवणे महत्त्वाचे आहे. छपरात आडवी काच बसवून उजेड घेण्याची पद्धत थंड देशांत उपयुक्त असली, तरी येथे ती त्रासदायक ठरते, कारण मेच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस पुण्यात सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो, आणि शून्य सावलीच्या त्या दिवसांच्या आसपास आडव्या काचेतून सर्वाधिक ऊन आत शिरते. त्याऐवजी छपराच्या दोन पातळ्यांमधल्या उभ्या भागात उत्तरेकडे तोंड करून झरोके ठेवले, तर वर्षातील बहुतेक काळ थेट ऊन न येता आकाशाचा सौम्य उजेड मिळतो.

दक्षिणेकडची खिडकी हाताळण्यास सोपी असते. तिच्यावर दोन फुटांचा छज्जा असेल, तर मार्च आणि सप्टेंबरमध्ये दुपारी त्याची सावली सुमारे सहा फूट खाली येते व खिडकी पूर्ण झाकते, आणि डिसेंबरमध्ये ती सव्वादोन फुटांच्याही आत राहिल्यामुळे हवेसे ऊन आत येते. पश्चिमेचे ऊन मात्र तिरपे आणि कमी उंचीवरून येत असल्यामुळे छज्जा त्याला अडवू शकत नाही. तेथे उभ्या फळ्या, विटांची जाळी, वेल किंवा झाड हाच उपाय असतो, आणि शक्य असल्यास त्या बाजूला न्हाणीघर, कपाटे, जिना अशा गोष्टी ठेवून राहत्या खोल्यांना आडोसा द्यावा. खिडक्यांच्या आकाराबाबत राष्ट्रीय इमारत संहितेचे मार्गदर्शन लक्षात ठेवण्यासारखे आहे : उष्ण-कोरड्या हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक दशांश आणि उष्ण-दमट हवामानात एक षष्ठांश एवढ्या खिडक्या असाव्यात, म्हणजे एकशे वीस चौरस फुटांच्या खोलीला नागपूरसारख्या ठिकाणी बारा, तर किनारपट्टीवर वीस चौरस फूट.

प्रशस्तपणा कशाने जाणवतो

घरात वावरणाऱ्या माणसाला क्षेत्रफळ दिसत नाही. नजर किती लांब जाते ते जाणवते. दाराशी उभे राहिल्यावर बैठक, चौक, त्यापलीकडचे स्वयंपाकघर आणि परसातले झाड एका रेषेत दिसले, तर दहा फुटांच्या खोलीतही पस्तीस फुटांचे अंतर लाभते. म्हणून चौकाकडच्या भिंती शक्य तितक्या उघडणाऱ्या असाव्यात, आतल्या दारांवर काचेची तावदाने ठेवावीत, आणि घराचा लांबच लांब तिरका दृष्टिपथ कपाटाने किंवा भिंतीने तोडू नये. प्रवेशाशी छत थोडे खाली आणि चौकालगत ते उंच ठेवल्याने उंचीतला फरक जाणवतो. मात्र दुमजली उंचीची बैठक लहान घरात जपून वापरावी, कारण तिच्यातून आवाज आणि उष्णता वरच्या झोपण्याच्या खोल्यांत पोहोचते. पांढरा रंग पडणाऱ्या उजेडापैकी सुमारे चार पंचमांश परावर्तित करतो, त्यामुळे चौकाच्या भिंतींना गडद रंग किंवा काळसर दगड लावणे म्हणजे मिळालेला उजेड शोषून टाकणे होय. जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींत कोनाडे आणि फडताळे असत. आजच्या भिंती पातळ असल्या, तरी एका सलग भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत दीड-दोन फूट खोलीची कपाटे केली, तर उरलेल्या तीन भिंती मोकळ्या राहतात.

या मोकळेपणाला कुटुंबातील माणसांच्या गरजांची जोड द्यावी लागते. वृद्धांची खोली आणि एक न्हाणीघर तळमजल्यावर, चौकाला लागून असावे, म्हणजे दिवसाचा बहुतेक काळ घरात घालवणाऱ्या माणसांना ऊन, वारा आणि घरातली जाग मिळते; स्वयंपाकघराची खिडकी चौकात उघडली, तर काम करणाऱ्यास खेळणाऱ्या मुलांवर लक्ष ठेवता येते; आणि अभ्यासाची जागा उत्तरेच्या उजेडाकडे ठेवावी.

चौक सांभाळण्याची पथ्ये

चौक सोडला आणि त्याची काळजी घेतली नाही, तर तो ओल, डास आणि असुरक्षितता यांचे कारण ठरतो, आणि मग काही वर्षांत त्यावर पत्रा पडतो. म्हणून त्याची जमीन खोल्यांपेक्षा तीन-चार इंच खाली असावी, तिला दर शंभर फुटांस निदान एक फूट उतार असावा, आणि पाण्याच्या निचऱ्याची वाट रुंद व सहज साफ करता येईल अशी ठेवावी. हेच पाणी टाकीत किंवा शोषखड्ड्यात सोडले, तर पाऊसपाणी साठवण्याचेही काम साधते. भोवतीचे छज्जे पुरेसे बाहेर आलेले असावेत, चौकाकडच्या भिंतींना बाहेरच्या भिंतीइतकेच जलरोधन करावे, वर मजबूत लोखंडी जाळी असावी, आणि डासांची जाळी चौकाच्या माथ्यावर न लावता खोल्यांच्या खिडक्यांना लावावी, म्हणजे उजेड आणि हवा कमी होत नाही. या गोष्टींचा खर्च अंदाजपत्रकात सुरुवातीपासून धरावा, कारण चौक म्हणजे बाहेरच्या भिंतींची जास्तीची लांबी, आणि तो फुकट मिळत नाही.

वास्तुकाराशी पहिली बैठक होते, तेव्हा कुटुंबाने खोल्यांची यादी देण्यापूर्वी आकाश कोठून आत येणार हे विचारावे, नकाशाबरोबर छेद मागावा, आणि शेजारचे दोन्ही भूखंड उद्या पूर्ण बांधले गेले तरी प्रत्येक खोलीत दिवसा दिव्याशिवाय वाचता येईल का, ही कसोटी लावावी. शहरे दाट होत जाणार आणि भूखंड आणखी लहान होणार, हे टाळता येण्यासारखे नाही. परंतु त्या दाटीत जन्मभर अंधाऱ्या खोल्यांत राहणे हे कोणत्याही कुटुंबाचे प्राक्तन नाही, कारण त्यावरचा उपाय महागड्या साहित्यात नसून रचनेच्या क्रमात आहे, आणि तो क्रम पाळणे एका गुंठ्याच्या मालकालाही शक्य आहे.